वाळूच्या पोत्यांचे चार दिवस

गाद्यांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. पत्ता विचारला की झेरॉक्सवाला यंत्रावरची नजर न काढता सांगतो, "पोतीवाले मिस्त्री ना? हे काय, शेजारी." जुन्या जीप खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर नेण्यासाठी उंच आणि दणकट करून देणं, हा मिस्त्रींचा धंदा. निदान मिस्त्रींच्या बायकोला तो धंदा वाटतो. मिस्त्री स्वतः निम्मा वेळ गिऱ्हाइकाला काहीही करून न घेता परत पाठवण्यात घालवतात.

अंगानं किडकिडीत, वय साठीच्या अलीकडचं, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. हात पुसायचं फडकं ते चार घड्या घालून वापरतात आणि एकेक घडी काळी झाली की उलटतात. त्यांचे वडील मालट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होते. ट्रक काट्यावर चढायच्या आत मिस्त्री लहानपणी त्याचं वजन सांगून टाकायचे, आणि वडील वरवर रागावून म्हणायचे, "मग काटा विकून टाकू का?" तेव्हापासून वजन हा त्यांच्या डोक्यातला एक स्वतंत्र कप्पा आहे. कुठल्या बंपरचं वजन किती, कुठल्या टायरचं किती, हे त्यांना विचारायचा अवकाश.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती माझ्या वहीमुळे. मी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं गुडघे सांभाळतात. मी एका वनठेकेदाराकडून जुनी जीप घेतली. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला आपल्या गल्लीत गाडी मागे घेता येत नाही." मी म्हटलं, ही पुढे जायची गाडी आहे.

कारण मात्र खरं होतं. माझी मोठी बहीण, अक्का, डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षं परिचारिका होती. तिथली दाई ही तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी मिळून किती बाळंतपणं केली याचा आकडा दोघी वेगवेगळा सांगतात, आणि त्यावरून आजही भांडतात. दाई वर, अक्का इथे माझ्या शेजारच्या इमारतीत. वर जायची शेवटची नऊ किलोमीटर वाट पावसानं पार खरवडून गेलेली. एक पिकअप जाते, पण तिच्यात उभ्यानं जावं लागतं, आणि अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तशात फोन आला, की दाईचा मुलगा तिला कायमचा आपल्याकडे नेणार. दूरचं शहर, दीड दिवसाचा प्रवास. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तीन वाजता निघणार.

अक्कानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "मला एकदा वर नेऊन आण. फोनवर तिला ऐकू येत नाही." दोघींचंही वय शहात्तर. यानंतर भेट होईल असं कुणी बोललं नाही, होणार नाही असंही कुणी बोललं नाही.

मी वही घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "कोण जाणार, कुठे जाणार?"

मी सांगितलं.

"आहे तशी जाईल. टायर बदलू, ब्रेक बघू. झालं."

माझा अगदी हिरमोड झाला. महिनाभर मी चित्रं बघितली होती. वहीत सात कलमं होती: मोठे टायर, उंची वाढवणारे ठोकळे, पुढचा लोखंडी बंपर, त्याच्यावर विंच म्हणजे चिखलात रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र, टपावरचं कॅरिअर, जादा डिझेलचे डबे, आणि हे सगळं बसवायची मजुरी. शेवटी एकूण बेरजेच्या पाच टक्के 'किरकोळ'. त्या 'किरकोळ'चा मला फार अभिमान होता. इतरांचे अंदाज कोसळतात ते किरकोळ न धरल्यामुळे, असं मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं होतं.

मिस्त्रींनी वही वाचली. "अक्षर छान आहे सर," म्हणाले.

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. गाडीवर जी जी वस्तू चढवायची, तिच्या वजनाइतकी वाळू ते पोत्यात भरतात. पोत्यावर खडूनं वस्तूचं नाव लिहितात. वस्तू जिथे बसणार तिथेच पोतं बांधतात. गिऱ्हाइकानं चार दिवस तशी गाडी चालवायची आणि येऊन सांगायचं. चढावर दमते का, ब्रेक लांब लागतो का, खड्ड्यात खाली बसते का. त्यावर पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलायचे की नाही, ब्रेक मोठे करायचे की नाही, ते ठरतं. आतल्या खोलीत मिस्त्रींची बायको सीटकव्हरं शिवते. ती मशीन न थांबवता म्हणाली, "निम्मे लोक चार दिवसांनी येतात आणि म्हणतात, काही नको. आमच्याकडे वाळू तेवढी खपते."

"असं का करता?" मी विचारलं.

"एकदा एकाला जे मागितलं ते सगळं लावून दिलं होतं," मिस्त्री म्हणाले. "उतारावर गाडी थांबली नाही. त्याच्या वडिलांचं गळपट्टीचं हाड मोडलं." एवढं सांगून ते वाळू भरायला लागले.

आठ पोती भरली. बंपरची दोन, विंचची दोन, कॅरिअरचं एक, मोठ्या स्टेपनीचं एक, डिझेलच्या डब्यांची दोन. पुढे बांधायला जागा पुरेना म्हणून विंचचं एक पोतं पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलं. त्या दिवशी मी बायकोला घेऊन भाजी आणायला गेलो. ती बाजारापर्यंत 'विंच'वर पाय ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. आमच्या वॉचमननं फाटक उघडता उघडता चौकशी केली, "सर, बांधकाम काढलं का?"

दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर जीप अशी कण्हली, की मागचा सायकलवाला मला ओलांडून गेला. सिग्नलला मी वेळेवर ब्रेक दाबला आणि गाडी स्वतःच्या वेळेवर थांबली. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं मी पूर्वी गृहपाठ न आणणाऱ्यांकडे बघत असे.

आता इथे सरळ मार्ग असा होता, की जाऊन सांगायचं: दमते, ब्रेक लांब लागतो. पण मला ठाऊक होतं, असं म्हटलं की पाटे आले, ब्रेक आले, आणि वहीत ते नव्हते. वहीची बेरीज तर मी शाईनं केली होती. घरी पोचेपर्यंत माझी मनोमन खात्री झाली, की दोष वाळूचा आहे. वाळू म्हणजे मेलेलं वजन. विंच कशी घट्ट, आटोपशीर असते. हा विचार भौतिकशास्त्राच्या कुठल्या शाखेत बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

मी पाच पोती काढली आणि जिन्याखाली सायकलींच्या मागे ठेवली. बंपरची दोन, विंचची दोन, कॅरिअरचं एक. उरलेल्या तीन पोत्यांनिशी गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुलावरून दोनदा गेलो. चौथ्या दिवशी वॉचमनच्या मदतीनं पोती परत चढवली, त्याला चहाला पैसे दिले, आणि ते 'किरकोळ'मध्ये लिहिले. परीक्षेच्या हॉलमध्ये तेहेतीस वर्षं मी पोरांच्या बाह्या तपासल्या, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

"कशी चालली?" मिस्त्रींनी विचारलं.

"मस्त."

"चढावर?"

"मस्त."

"ब्रेक?"

"लागतो की."

त्यांनी पोती सोडवायला घेतली. मग म्हणाले, "चालवणाऱ्याला कळतं ते मला इथे बसून कळत नाही," आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे 'मस्त' असं लिहिलं. पाटे जुनेच राहिले, ब्रेक जुनेच राहिले. वहीची बेरीज शाबूत.

ती बेरीज आठवडाभर टिकली. मोठे टायर वळताना मडगार्डला घासायला लागले म्हणून मडगार्ड कापावे लागले, आणि कापलेली कड गंजू नये म्हणून रंग. मोठी स्टेपनी जुन्या जागी मावेना. तिला मागच्या दारावर टांगलं तर दार लोंबायला लागलं, म्हणून बिजागऱ्या. वेगाचा काटा कमी वेग दाखवू लागला, कारण चाक मोठं झाल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. उंची बदलली म्हणून परिवहन कार्यालयात पुन्हा पासिंग. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी मला तीन दिवसांत तीन वेगवेगळे कागद आणायला सांगितले आणि तिसऱ्या दिवशी पहिला कागद परत केला. विमा कंपनीचं पत्र आलं, त्यात 'वाढीव जोखीम' असा शब्द होता आणि जोखीम त्यांना आकड्यात मांडता येत होती. या सगळ्या काळात मी रिक्षानं फिरत होतो, तो खर्च तर कुठल्याच कलमात बसेना. अखेर जीप घरी आणली तेव्हा ती आमच्या पार्किंगच्या तुळईपेक्षा चार बोटं उंच निघाली. समोरच्या गल्लीत भाड्यानं जागा घेतली. 'किरकोळ'नं कधीच मान टाकली होती. मी वहीत नवं पान उघडून त्याला 'इतर किरकोळ' असं नाव दिलं.

"नाव देण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही," बायको म्हणाली.

रविवार उजाडला. मिस्त्रींची आणखी एक रीत आहे: त्यांनी केलेल्या गाडीच्या पहिल्या लांब फेरीत ते स्वतः मागच्या सीटवर बसतात. पैसे घेत नाहीत, बोलत नाहीत. हत्यारांची गुंडाळी मांडीवर घेऊन ते सात वाजता हजर झाले. अक्का खाली आली, जीपकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "यात मी चढायचं कसं?"

हे वहीत नव्हतं. ज्या एका माणसाला न्यायचं म्हणून गाडी उंच केली, ते माणूस किती उंच पाय उचलू शकतं, याचं माप मी घेतलं नव्हतं. बायकोनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. मिस्त्रींनी ते धरलं, मी अक्काला धरलं, आणि ती चढली. स्टूल बरोबर घेतलं.

डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. अक्का दाईच्या गोष्टी सांगत होती. मग वाट सुरू झाली. पहिल्या चढावर जीपनं दुसरा गिअर नाकारला, मग पहिलाही कुरकुरत घेतला. पुढचं टोक प्रत्येक खड्ड्यात नाक खुपसत होतं. मग ओढ्याकडे उतरणारा लांबलचक उतार आला. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणखी दाबला, मग जवळजवळ उभा राहिलो. उतार संपता संपता गाडी थांबली, आणि जळक्या रबरासारखा वास आला.

मागून मिस्त्री म्हणाले, "सर, त्या चहाच्या टपरीपाशी घ्या. हळू."

टपरी ओढ्याच्या अलीकडे होती. मिस्त्री उतरले, पुढच्या चाकाजवळ बसले, बाटलीतलं चार थेंब पाणी आत शिंपडलं. ते चुर्र करून उडून गेलं. घड्याळात अकरा वाजले होते. पुढे सहा किलोमीटर, त्यातले दोन उताराचे.

मिस्त्री उठले. "सर, पोती किती दिवस होती?"

मी म्हटलं, "चार."

त्यांनी फडक्याची घडी उलटली.

"दीड," मी म्हटलं.

"आठही?"

"दीड दिवस आठ. मग तीन."

अक्का जीपमध्येच बसून ऐकत होती. तिनं मान बाहेर काढली. "मिस्त्री, हा लहानपणी कडू औषध खिडकीतून ओतायचा आणि चमचा चाटून दाखवायचा. खालचं झाड वाळलं तेव्हा आईला कळलं." मग माझ्याकडे बघून, आवाज जराही न चढवता म्हणाली, "तीनला निघणार आहे ती."

तेवढं पुरे होतं. 

मिस्त्रींनी मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात ठेवलं. "कुठली पाच काढली होती?"

"बंपरची दोन, विंचची दोन. आणि कॅरिअर."

"मग तेवढंच काढू. बाकीचं तुम्ही चालवून बघितलंय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. नव्हता. त्यांच्या लेखी ते सरळ गणित होतं, आणि माझ्यापेक्षा बरं मांडलेलं.

हत्यारांची गुंडाळी उलगडली. जी विंच चिखलातून गाडी ओढेल म्हणून मी तिचे फोटो मित्रांना पाठवले होते, ती पहिली उतरली. मी पाना धरला, नट बोटांनी फिरवले, एक नट ओढ्यात घालवला. ज्या कामाची मजुरी मी घासाघीस करून ठरवली होती, तेच काम उलटं करताना मला कळलं की तो माणूस किती कमी घेत होता. बंपर उतरवताना माझ्या पाठीत उसण भरली. टपरीवाली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हे इथेच ठेवणार?"

"संध्याकाळी नेतो."

"ठेवायचे पैसे पडतील."

मी मुकाट्यानं दिले. आम्ही कॅरिअर उतरवेपर्यंत तिनं बंपर दोन दगडांवर आडवा टाकला होता आणि त्यावर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. तो बंपर इतका उपयोगी मी पहिल्यांदाच पाहिला.

मध्ये एकदा अक्कानं हाक मारली, "किती वाजले?" साडेबारा. मिस्त्री वर न बघता म्हणाले, "चाकं थंड होईपर्यंत तसंही थांबायचं होतं, अक्का. वेळ फुकट जात नाहीये." ती मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली. आत तिनं विणलेली लोकरीची शाल होती. पुन्हा तिनं वेळ विचारली नाही, पण प्रत्येक नट सुटला की मान वळवून बघायची.

एक वाजता निघालो. स्टिअरिंग मी आपणहून मिस्त्रींकडे दिलं. जीप हलकी झाली होती. ओढा तिनं सहज ओलांडला, आणि पलीकडच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चढत राहिली. मागच्या सीटवर मी स्टूल मांडीवर घेऊन बसलो होतो.

वर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दाई घराबाहेर ट्रंकेवर बसली होती. मुलगा दाराला कुलूप लावत होता. दोघी एकमेकींकडे धावत गेल्या असं लिहायला मला आवडलं असतं, पण एकीचा खुबा आणि एकीचे गुडघे. अक्का स्टुलावरून उतरली, हळूहळू चालत गेली आणि ट्रंकेवर तिच्या शेजारी बसली.

"उशीर केलास," दाई म्हणाली.

"भावाची गाडी जड झाली होती."

"काय झाली होती?"

"जड," अक्का तिच्या कानाशी ओरडली. मग दोघी हसायला लागल्या. कशाला ते मी विचारलं नाही.

पाऊण तास झाला. खालून पिकअप वर आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मुलगा आईचा हात धरून उठवायला लागला. अक्कानं दुसरा हात सोडला नाही.  मुलगा भला माणूस होता, पण खालच्या गावातून त्यांची पुढची गाडी सुटणार होती आणि तो सारखा घड्याळ बघत होता.

मिस्त्री इतका वेळ चाकांना हात लावून बघत होते. ते आले आणि दाईकडे एक नजर टाकून मला म्हणाले, "सर, या अठ्ठेचाळीस किलो असतील. तुम्ही?"

"एकोणऐंशी."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "ब्याऐंशी धरू."

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळायला वेळ लागला, अक्काला लागला नाही. ती दाईला घेऊन जीपकडे निघालीसुद्धा. दोघींना मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवलं, माझ्या जागी दाई. दाईला चढवताना स्टूल मी धरलं.

मुलगा, ट्रंक आणि मी, असे तिघे पिकअपमध्ये उभ्यानं आलो. दांडा धरून, धूळ खात, समोर माझ्याच मालकीची जीप बघत. टपरीपाशी पिकअप थांबली, मी आणि मुलानं मिळून बंपर, विंच आणि कॅरिअर वर चढवलं. ड्रायव्हरनं त्याचं भाडं वेगळं सांगितलं आणि मी ते कुठल्या पानावर लिहायचं याचा विचारही केला नाही. जीप मात्र थांबली नव्हती. मिस्त्री सावकाश, एका गतीत पुढे चालले होते, गावापर्यंतचा दीड तास जराही कमी होऊ न देता. पुढच्या वळणावर ती पुन्हा दिसली. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती, एक दुसरीच्या कानाशी वाकलेलं, आणि त्यातलं एक जोरजोरात नकारार्थी हलत होतं. बाळंतपणांचा आकडा निघाला असावा.